संगणक-निर्माते साहेबांस राजूरहून जाहीर पत्र

मेहेरबान समस्त घरगुती संगणक व तदंगभूत प्रणालींचे निर्माते साहेबान यांचे सेवेशी,



आमच्या राजुरास कोळशाची खाण आहे, चुन्याच्या भट्ट्या आहेत, आणि या दोहोंची धूळ ज्याच्या पोटात साचली नाही असा संगणक गावात शोधून सापडणार नाही. तथापि आपल्या 'अपग्रेड' धोरणाने या ग्रामावर जे उपकार केले आहेत त्यांची जाहीर पोच देण्यास आजवर कोणी पुढे आले नाही, म्हणून हा मान मी आपण होऊन पत्करीत आहे.

आपल्या पूर्वसूरींस व्यापारनीती कळत नव्हती, हे प्रथम नमूद करतो. ऐंशीच्या दशकात ब्रिटनमध्ये सिंक्लेअर व एकॉर्न, जर्मनीत कमोडोर आणि जपानात एमएसएक्सवाले अशा ज्याच्या त्याच्या जहागिऱ्या होत्या, आणि शेजारचा सरदार केव्हा हद्दीत शिरेल या धास्तीने म्हणा की निव्वळ भाबडेपणाने म्हणा, ही मंडळी जुन्या गिऱ्हाइकाची मर्जी राखीत. सिंक्लेअरने १९८४ साली स्पेक्ट्रम प्लस बाजारात आणला तेव्हा जुन्या स्पेक्ट्रमच्या मालकास वीस पौंडांत नवा कळफलक व सांगाडा देऊ केला. आतला बोर्ड तोच, तो त्याने स्वहस्ते उचलून नव्या घरात बसवावा. कमोडोरने १९८५ च्या १२८ या यंत्रात जुन्या ६४ च्या कार्यक्रमांसाठी स्वतंत्र व्यवस्था ठेवली. असल्या औदार्याने नवा माल खपावा कसा?

जहागिऱ्या मोडल्या; नकाशा मात्र आपण जपून ठेवलात. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, काढून घेतला, आणि विंडोज ११ च्या दरबारात टीपीएम २.० या सुरक्षा-चिपेची सनद व साधारणतः इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर असल्यावाचून रीतसर प्रवेश नाही असा दंडक घातला. सातव्या पिढीची यंत्रे, थोडे अपवाद वगळता, कितीही धडधाकट असली तरी वंशदोषाने बाद. वर्षभराची वाढीव सुरक्षा हवी असल्यास आम्ही आपल्या संगणकातील सेटिंग्ज कंपनीच्या भांडारात रुजू कराव्यात, अथवा तिच्याच बक्षीस-योजनेचे हजार गुण जमवावेत, अथवा तीस डॉलर मोजावेत. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील रहिवाशांस मात्र, तेथील ग्राहक संघटनेने कायद्याचा आधार घेऊन तक्रार करताच, केवळ कंपनीकडे खाते उघडून त्यात हजेरी लावीत राहण्याच्या बोलीवर तीच सुरक्षा विनामूल्य मिळाली. संगणकात शिरणाऱ्या विषाणूंस युरोप आणि यवतमाळ यांतील हा भेद अद्याप कळविण्यात आलेला दिसत नाही. तेवढे एक परिपत्रक त्यांच्याकडेही रवाना व्हावे.

आमच्याकडील दुरुस्तीचा प्रकार आपल्या कानी घालणे भाग आहे. यंत्र सुरू होईना की कारागीर 'सीपीयू'चे झाकण उघडतो, ब्रशने धूळ झाडतो, रॅमची पट्टी उपसून तिची पितळी दिसणारी कड शाळकरी खोडरबराने घासतो, फुंकर मारून पट्टी खटकन बसवतो, आणि बहुधा यंत्र उठून बसते. पट्टी कमी पडली तर शेजारच्या रिकाम्या खाचेत दुसरी घालावी, फिरती तबकडी काढून एसएसडी लावावी, की तेच डबडे आणखी चार-पाच वर्षे विद्यार्थ्यांचे अर्ज भरते आणि सातबारे छापते. ही अनिष्ट वहिवाट मोडून काढण्यासाठी आपण कित्येक लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच झाळून टाकलीत, हे दूरदृष्टीचे कृत्य होय. आता खोडरबर पुन्हा मुलांच्या कंपासपेटीत गेले आणि गिऱ्हाईक दुकानात.

तरी एक अर्ज आहे. आपल्या खोक्यावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, उत्पादनाचा महिना असतो, तक्रारीसाठी संपर्क असतो. त्याच्याच शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, या यंत्रास सुरक्षेची अद्यतने अमुक तारखेपर्यंत मिळतील आणि यातील अमुक भाग पुढे बदलता येतील, अशा दोन ओळी मराठीत छापाव्यात, आणि ती तारीख राजूर व ब्रुसेल्स येथे एकच असावी. असा मजकूर नसलेले खोके घरी नेण्यापूर्वी दुकानदाराकडून या दोन्ही गोष्टी बिलावर लिहून घ्याव्यात, अशी माझी गावकऱ्यांस विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुने गिऱ्हाईक
राजूर, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ