केळझरचा नवा बकासुर

उजेड ही विदर्भात विकत घ्यायची वस्तू नाही. मे महिन्यात तो 45 अंशांसकट फुकट मिळतो, नको म्हटलं तरी घरात शिरतो. तोच कमी करायला दुकानात जाऊन पैसे मोजणाऱ्या माणसाकडे आमच्या इथं जरा संशयानंच पाहिलं जातं. फोटोग्राफर मात्र हे राजीखुशीनं करतात. लेन्सपुढच्या त्या करड्या काचेला न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर म्हणतात, लाडानं एनडी.

खरी पंचाईत निवडीची. एनडी8 आठवा हिस्सा उजेड आत सोडतो, एनडी64 चौसष्टावा, आणि एनडी1000 हजारातला जेमतेम एक. हा शेवटचा लावला की कॅमेऱ्यात अमावस्या होते, म्हणून फोकस आधी करून घ्यायचा आणि काच मग चढवायची. शिवाय काच कोणत्याच रंगाची बाजू घेणारी नको. स्वस्तातली काच अनेकदा किरमिजी झाक देते. पांढऱ्या टोपीवर अशी झाक आली, तर वर्धा जिल्ह्यात प्रकरण राजकीय व्हायला वेळ लागणार नाही. फिरवून उजेड कमी-जास्त करता येणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा खरा, पण त्यात दोन पोलरायझर असतात. हावरटपणे टोकापर्यंत फिरवला की आभाळावर काळी फुली उमटते.

याच वर्धा जिल्ह्यात केळझरला टेकडीवर सिद्धिविनायक आहे, विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक. लोक सांगतात, हीच महाभारतातली एकचक्रानगरी. भीमानं बकासुराला मारलं ते इथंच. बकासुर बिचारा गाडाभर अन्नाबरोबर एकच माणूस खायचा. एनडी1000 चा आहार मोठा. भर उन्हात आयएसओ 100 आणि एफ16 ला शटर सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. ही काच लावली की दहा सेकंद. तेवढ्यात झपाझप चालणारी माणसं फोटोतून गायब. रेंगाळणाऱ्यांचा धूर होतो. त्यावर एनडी8 आणखी चढवला की ऐंशी सेकंद, म्हणजे धूरही गडप.

उरतं ते न हलणारं. चतुर्थीच्या गर्दीतून देऊळ उरेल, खांबाला टेकून सुनेची वाट पाहणारे आजोबा उरतील, आणि चपलांचा ढीग तर हमखास. 1838 मध्ये डागेरनं पॅरिसच्या वाहत्या रस्त्याचा फोटो काढला, तेव्हा काही मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये सगळी वर्दळ पुसली गेली. उरला तो बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला एक गृहस्थ. फोटोत दिसलेला पहिला माणूस म्हणून तोच ओळखला जातो. घाईत असलेल्या कर्तबगारांचं मात्र नाव नाही, निशाण नाही.

म्हणून माझं मत एनडी64 ला. सावलीत किंवा संध्याकाळी तो माणसाला थोडा पुसतो, पण गिळत नाही. चालणं दिसतं, चालणारा ओळखू येत नाही. घेताना सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा घ्यावा, लहान लेन्सना स्टेप-अप रिंग लावता येते.

हा सगळा हिशोब मी हारदुर्वा विकणाऱ्या एका मावशींना समजावून सांगितला. दहा सेकंदांत गर्दी कशी नाहीशी होते, हेही मोठ्या अभिमानानं सांगितलं. त्यांनी दुर्वांच्या जुड्या बांधता बांधता विचारलं,

"माणसंच नोको होते, तर चतुर्थीले आले कायले?"