ऱ्हाइनचे क्युसेक

सांगोल्याच्या पाहुण्याला निसर्ग दाखवणं ही 2022च्या जूनपासून मोठी जोखीम झाली आहे. आमचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी गुवाहाटीहून फोनवर झाडी, डोंगार आणि हाटील यांचा जो निकाल लावला, त्यानंतर आमच्या तालुक्यात निसर्गवर्णनाला जागाच उरलेली नाही.

मी झुरिकला नोकरी करतो आणि आलेल्या प्रत्येकाला युंगफ्राऊयोखला नेतो. 3454 मीटर उंची, आयगर पर्वताच्या पोटातून खोदलेला बोगदा, 1912 सालापासून चालणारी रेल्वे, ही सगळी माहिती मी अशा आवाजात देतो की ऐकणाऱ्याला वाटावं, पहार माझ्या आजोबांच्या हातात होती. मग बर्फावर बाहेर येऊन मी हिमनदीकडे हात करतो आणि पाहुण्याला गहिवरायला थोडा वेळ देतो. पाहुणा कमरेवर हात ठेवून म्हणतो, "काय डोंगार!" त्याचे सोबती खिदळतात. हिमयुगावरचं माझं भाषण तसंच परत खाली येतं, तेही दोनशे फ्रँकच्या वर तिकीट काढून.

या देशात माझं काय आहे? राहण्याचा परवाना, आणि तोही दरवर्षी वाढवून घ्यावा लागतो. पण पाहुणे आले की मी इथला पाटील होतो. गाडी वेळेवर सुटली की मीच सोडल्यासारखा घड्याळाकडे बघतो.

माझी ही पाटीलकी थोरल्या चुलत्यांनी मोडली. अण्णा आणि काकी आले ते बाजरीची भाकरी, शेंगाचटणी आणि स्वतःच्या बागेतली डाळिंबं घेऊन. डाळिंबं मुंबईच्या विमानतळावरच काढून ठेवावी लागली, कारण बॅगांचं वजन. ती सफाई कामगारांना वाटून अण्णा विमानात बसले.

डाळिंबाचा विषय निघालाच आहे तर थोडं बोलतो. आमच्याकडे माणसाची ओळख त्याच्या बहारावरून होते. हा मृगवाला, तो हस्तवाला, पलीकडचा आंबे बहार धरतो. बहार धरायचा म्हणजे आधी बागेचं पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानगळ करायची, छाटणी करायची आणि मग पाणी सोडून फुलाची वाट बघत बसायचं. पाणी तोडण्यात आमचा तालुका पहिल्यापासून तरबेज, कारण ते काम निसर्गच करत आला आहे. त्यातून तेल्या आला नाही, मर लागली नाही, गारा पडल्या नाहीत, तर माल होतो. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, सोलापुरात 2005 पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि देशातली शंभरावी किसान रेल्वे 28 डिसेंबर 2020 रोजी सांगोल्याहूनच बंगालमधल्या शालिमारला निघाली. हे सगळं अण्णांनी मला झुरिकच्या सुपरमार्केटात, फळांच्या फडताळापुढे उभं राहून ऐकवलं. हातात स्पेनचं डाळिंब होतं. त्यांनी ते दाबलं, टिचकी मारली, कानाशी नेलं. किंमत नगावर आहे हे कळल्यावर मनातल्या मनात आपल्या झाडांना गुणलं आणि बराच वेळ गप्प झाले. घरी येऊन फळ फोडलं. दाणा फिकट. "आपल्या भगव्याच्या पायाशी बी न्हाय," अण्णा म्हणाले, आणि स्वित्झर्लंडमध्ये आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला.

दुसऱ्या दिवशी ऱ्हाइनचा धबधबा. 150 मीटर रुंद, 23 मीटर उंच. मी आवाज लावतोय तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "किती क्युसेकनं हाय?"

मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मोबाइलवर शोधलं. उन्हाळ्यात सेकंदाला सरासरी 600 घनमीटर. त्याचे घनफूट केले, एकवीस हजार क्युसेक निघाले.

"साडेअकरा हजार दिवसभर चाललं की एक टीएमसी," अण्णा म्हणाले. "मंजी हितं दिवसाला पावणेदोनच्या वर. उजनी शून्यावर आसली तर म्हयन्यात शंभर टक्के. मायनसमधनं धरली तरी दोन म्हयनं." मग थोडं थांबून, "पुढं जातंय कुठं?"

"जर्मनी, नेदरलँड्स, मग समुद्र."

"आन् कुणी भांडत न्हाय?"

काकी कठड्याला धरून तुषार तोंडावर घेत होती. पदर भिजला तरी हलली नाही. 1972च्या दुष्काळात या दोघांनीही खडी फोडली आहे. टेंभू योजनेचं पाणी भागात यायला केस पांढरे व्हावे लागले. मी भाषण केलं नाही.

झुरिकमध्ये बाराशेच्या वर कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिता येतं. अण्णा दिसेल त्या कारंज्याला ओंजळ लावायचे. मी मात्र सांगोल्याला गेलो की काकी माझ्यापुढे विकतच्या पाण्याची बाटली ठेवते, झाकणाचं सील न तोडता. माठाकडे वळलो तर म्हणते, "नगं बाबा, तुला बाधंल." बाकीचे सगळे माठातलंच पितात. मला याचा राग येतो, अगदी मनापासून. याच घरातून मी टँकरमागे घागर घेऊन पळालो आहे, आणि आता तिथं माझं पोट परदेशी धरलं जातं. एकदा हट्टानं माठातलं प्यालो. दोन दिवस अंथरुणात काढले. काकीनं एका शब्दानंही टोचलं नाही, तेच जास्त लागलं.

अण्णा आता पावसाळ्यात दर रविवारी फोन करतात. ते उजनीची टक्केवारी सांगतात, मी ऱ्हाइनचे क्युसेक. इथलं सरकार नद्यांचे विसर्ग इंटरनेटवर टाकतं, ते मी शनिवारीच लिहून ठेवतो. मध्यंतरी हिवाळ्यात बर्फ कमी पडल्यामुळे एका उन्हाळ्यात ऱ्हाइन फार खाली गेली. आकडा सांगताना माझाच आवाज पडला. तिकडे उजनी नुकतीच प्लसमध्ये आली होती.

"जीव नगं बारीक करू," अण्णा म्हणाले. "पाऊस लांबलाय निस्ता. भरंल तुझी बी."