नवस आणि पनीर

वसईत राहून दूध सोडणं तसं सोपं आहे. दारात माड असतो, घर नारळाच्या रसावर चालतं. सोलकढी आहे, अळूवडी आहे, वालाचं बिरडं आहे. गोड खायची हुक्की आली तर आगाशीची सुकेळी आहेत. राजेळी केळी उन्हात वाळवायची, बास, साखरही लागत नाही. आगाशीच्या नामांकित भुजिंगातसुद्धा चिकन सोडलं तर पोहे आणि बटाटेच असतात. ("चिकन बाजूला सारून खा की," असं धाकट्या दिरांनी मला गंभीरपणे सुचवलेलं आहे.) पोर्तुगीज 1534 ते 1739 इथं ठाण मांडून होते. त्यांच्या मागोमाग या देशात बटाटा आला, मिरची आली, पाव आला. चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, पाव मात्र ठेवून घेतला. वडापाव खाताना मी दोन्ही बाजूंची ऋणी असते.

अडचण सुरू होते ती मजा करायला घराबाहेर पडलं की.

जेवणाचा खर्च वाढला की त्यातलं दूध वाढतं, हा माझा अनुभवसिद्ध सिद्धांत. गाडीवरचा वडापाव कोरडा असतो. तोच एसीत जाऊन बसला की पावाला बटर लागतं आणि मॉलमध्ये पोचेपर्यंत त्यावर चीज किसलं जातं. शेतावरची भाकरी ठेच्याशी खातात, हायवेवर तिची 'गावरान थाळी' झाली की वर लोण्याचा गोळा येतो. गोठ्यात म्हैस असलेला माणूस स्वतः ताक पितो, दूध डेअरीला घालतो. 1970 साली सरकारनं 'दुधाचा महापूर' योजना आणली. शहरांना दूध मिळालं, चांगलंच झालं. पण तो पूर ओसरायचं नाव घेईना आणि आता रिसॉर्टच्या बुफेत येऊन तुंबलाय.

मे महिन्यात नणंदेची मुलं आली आणि वॉटर पार्कची टूम निघाली. आमच्या लहानपणी असल्या मौजेसाठी खाडी ओलांडून गोराईला जावं लागे. 1989 साली तिथं एस्सेलवर्ल्ड सुरू झालं तेव्हा मी दूध पीत होते, त्यामुळे ती सहल सुखाची झाली. ते 2022 साली बंद पडलं. पण आता अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यावर रिसॉर्टच रिसॉर्ट आणि पूर्वेला डोंगराच्या बाजूनं वॉटर पार्क. आम्ही त्यातल्या एका ठिकाणी गेलो, नाव सांगत नाही. पॅकेजमध्ये नाश्ता, जेवण, संध्याकाळचा चहा. नायलॉनचे कपडे भाड्यानं.

फाटकावर पिशव्या तपासतात, बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. माझ्या पिशवीत सुकेळ्यांचं पुडकं होतं, केळीच्या सुक्या पानात गुंडाळून सोपटानं बांधलेलं. गार्डनं ते हुंगून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा हुंगलं. "काय आहे हे?" केळी आहेत म्हटल्यावर तर त्याचा संशय पक्काच झाला. पुडकं जप्त.

नाश्त्याला पोहे होते, निभावलं. दुपारी ओल्या कपड्यांनी बुफेपुढं उभी राहिले. पनीर बटर मसाला. दाल मखनी. व्हेज कोल्हापुरी, वर क्रीमची नक्षी. नान दह्यात मळलेला, जिरा राइस तुपातला, मग रायता, मग गुलाबजाम. नुसती कापलेली काकडी असेल म्हणून पुढं झाले, तर तिच्यावरही मेयोनीज ओतलेलं.

कॅप्टनला बोलावलं. "दूध, दही, तूप, लोणी, पनीर नसलेलं काय आहे?"

"जैन का मॅडम? जैन पनीर आहे."

"जैन नाही. दूधच नको."

"उपवास? मग साबुदाणा खिचडी देतो. साजूक तुपातली."

"अहो, दुधाचं काहीच खात नाही मी."

तो अदबीनं हसला. "मॅडम, दूध प्युअर व्हेज आहे." पाटीवर हिरवा ठिपका दाखवला. त्याचंही खरंच होतं, त्या ठिपक्याला दूध चालतं. व्हीगन पदार्थांसाठी सरकारनं 2022 साली वेगळे नियम केले, वेगळं चिन्ह दिलं. ते बहुधा नायगावची खाडी ओलांडायला अजून होडी शोधतंय.

मग मी तबेल्याचं सांगू लागले. आमच्या घरामागं पूर्वी तबेला होता. म्हशीचं दूध विकायचं असतं, ते पारड्यानं पिऊन कसं चालेल? त्या पारड्यांचं काय होतं ते मी खिडकीतून बरीच वर्षं पाहिलं, आणि सोडलं. एवढंच. कॅप्टननं सहानुभूतीनं मान हलवली आणि विचारलं, "मग पनीर थोडंसं देऊ?"

इथं सासूबाई मध्ये पडल्या. माझ्या या व्रतावर त्यांचा पहिल्यापासून राग. 'मांजर दूध पितं, हिला नको' हे त्यांचं कायमचं मत. रेन डान्समधून निथळत आलेल्या आईंनी कॅप्टनला दमात घेतलं, "अरे, जीवदानीला नवस बोललीय ती! दूधदुभतं सोडलंय. एक थेंब पोटात गेला तर जबाबदार कोण, तू?"

विरारमध्ये डोंगरावरच्या जीवदानी देवीचं नाव घेतल्यावर काय होतं ते मी पाहिलं. कॅप्टननं डोंगराच्या दिशेनं हात जोडले. आतून आचारी स्वतः बाहेर आला. "ताई, इथलं काहीच घेऊ नका, सगळ्यात बटर आहे," हे कबूल करून त्यानं कामाच्या पोरांसाठी शिजवलेलं जेवण आणलं: भात, उडदाची आमटी, बटाट्याची सुकी भाजी, नागलीची भाकरी. पळी वेगळी. भाकरीचा तवासुद्धा पुन्हा घासलेला. पारड्यांसाठी जे काही केल्या होत नव्हतं, ते देवीसाठी तीन मिनिटांत झालं. आणि अख्ख्या पार्कातलं सगळ्यात चवदार जेवण पॅकेजमध्ये नव्हतंच, हेही कळलं. दिरांनी पनीर सोडून माझ्या आमटीत भाकरी बुडवली.

"नवस कधी फिटणार?" आचाऱ्यानं हळूच विचारलं.

"देवीला ठाऊक," आई म्हणाल्या.

शेजारच्या टेबलावरच्या बाई एव्हाना खुर्ची सरकवून जवळ आल्या होत्या. मुलाच्या नोकरीसाठी दूध सोडलं तर चालेल का, की चहापुरतं ठेवता येईल? आईंनी त्यांना चहाची सूट दिली. मला ती कधीही मिळालेली नाही.

परतताना आई गाडीत गप्प होत्या. विरार फाटा गेल्यावर म्हणाल्या, "देवीच्या नावानं खोटं बोलले मी. आता ते खरं करायला लागणार."

"म्हणजे?"

"मंगळवारी डोंगरावर जायचं. 1300 च्या वर पायऱ्या आहेत, तू चढ. नवस तुझा आहे."

"आणि तुम्ही?"

"मी रोपवेनं येते. गुडघे."

"पण आई, प्रसादाला पेढे..."

"ते मी खाईन," आई म्हणाल्या.