बँकॉक, चार दिवस

परभणीत "बँकॉकला जायचंय" म्हटलं, की ऐकणारा आधी डोळा मिचकावतो आणि मग विचारतो, "सहकुटुंब?" शहर सहलीला योग्य की नाही, हे या एका उत्तरावर ठरतं. वाट अरुणचा कळस, चाओ फ्राया नदीतल्या होड्या वगैरे पुरावे कोणी ग्राह्य धरत नाही.

मी हिशेब वेगळा मांडला. थायलंडने २०२४ मध्ये भारतीयांना ६० दिवस बिनव्हिसा राहायची मुभा दिली. सायबांनी रजा दिली ४ दिवसांची. मुंबईहून विमान चार-साडेचार तासांत बँकॉकला टेकतं. परभणीहून मुंबई गाठायला मात्र रेल्वेत अख्खी रात्र. म्हणजे परदेश जवळ, मुंबई लांब! "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणणाऱ्यांनी मधलं अंतर कधी मोजलेलं दिसत नाही.

बरं, एप्रिलात जावं तर तिकडे सोंगक्रान. नव्या वर्षाच्या आनंदात माणसं रस्त्यावर उभी राहून एकमेकांवर पाणी उडवतात. उन्हाळ्यात ज्याची सकाळ नळाची पाळी विचारण्यात जाते, त्याला हे बघवेल का?

जेवणाचा प्रश्न आईने निकाली काढला. कच्ची पपई, शेंगदाणे, मिरच्या खलबत्त्यात कुटून तिथे सोमतम करतात, ते मी मोबाइलवर दाखवलं. बराच वेळ बघत राहिली.

"ठेचाच की हा. नीट कुटला बी नाही," म्हणाली, आणि वाटेला धपाटे किती लागतील ते बोटांवर मोजायला लागली.