पैसे रोलवर घाला

फिल्मवर फोटो काढायची हौस असलेल्या कॉलेजच्या पोरांना सध्या सर्रास लुबाडलं जातंय, आणि मला त्याची चीड येते. ‘व्हिंटेज’ एवढा शब्द चिकटवला की प्लॅस्टिकच्या भिंगाचा, फोकससुद्धा करता न येणारा डबा हजारोंना खपतो. वर विकणारा सांगतो, ‘टेस्ट केलेला नाही, पण चालू असावा.’ न तपासलेला कॅमेरा बंदच आहे असं धरा आणि त्याच हिशेबाने भाव करा.

खरं तर आधी घरातलं कपाट उघडा. काकाचा किंवा मामाचा जुना याशिका, झेनिट तिथे पडून असण्याची शक्यता बरीच आहे. नसेल तर मुंबईत फोर्टात, बोराबाजारच्या बाजूला जा आणि कॅमेरा हातात घेऊनच ठरवा. पेंटॅक्स के-1000 सारखा पूर्ण यांत्रिक कॅमेरा मिळाला तर सोनं: त्याला सेल लागतो तो फक्त लाइट मीटरपुरता, शटर सेलशिवाय चालतं. मागचं झाकण उघडा, शटर एक सेकंदावर लावून दाबा आणि कान देऊन ऐका. मध्येच अडकलं तर ठेवून द्या. मग भिंगातून मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या दमट हवेत ती फार सापडते आणि सहजी जात नाही. झाकणाच्या खाचेतला काळा फोम चिकट झाला असेल तर मात्र घाबरू नका, तो थोडक्या पैशांत बदलून होतो.

मीटर बंद आहे? असू दे. रणरणत्या उन्हात ॲपर्चर 16 वर आणि शटर फिल्मच्या आयएसओच्या जवळपास ठेवायचं. फिल्म 200 ची असेल तर शटर 1/250. ढग आले की ॲपर्चर 8 किंवा 5.6. शंका आली तर उजेड जास्त द्या. निगेटिव्ह फिल्म जादा उजेड बराच सोसते, पण कमी पडला तर सावलीतला तपशील कायमचा जातो.

खरा खर्च रोलचा. रंगीत रोल हजाराच्या आगेमागे, धुण्या-स्कॅनिंगचे वेगळे, आणि हाती फोटो 36. म्हणून कॅमेऱ्यावर वाचवलेला प्रत्येक रुपया रोलवर घाला. ज्याच्याकडे भारी कॅमेरा आहे आणि रोलला पैसे नाहीत, तो काहीच शिकत नाही. रोल भरल्यावर खटका ओढताना डावीकडची गुंडाळायची कळ फिरते का, तेवढं बघा. फिरत नसेल तर फिल्म पुढे सरकतच नाहीये आणि सगळा रोल कोरा जाणार.

कृष्णधवल रोल घरी धुता येतो, आणि स्वस्तात शिकायचं तर हाच रस्ता. अंधार लागतो तो फिल्म टाकीत भरेपर्यंत, आणि त्याला हात घालायची काळी पिशवी पुरते. वाया गेलेला एक रोल घेऊन आधी उजेडात, मग डोळे मिटून रिळावर चढवायचा सराव करा. डी-76 सारख्या डेव्हलपरच्या वेळा साधारण 20 अंशांच्या दिलेल्या असतात आणि आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणीच त्याहून गरम. बाटल्या बर्फ घातलेल्या घमेल्यात उभ्या करा, थर्मामीटर घाला, पारा उतरला की मगच सुरू करा.

आणि लॅबमधून निगेटिव्ह मागून घ्या. मोबाइलवर स्कॅन आले की काम झालं असं समजून कित्येक जण निगेटिव्ह तिथेच सोडतात, ती पुढे कचऱ्यात जातात. स्कॅन ही नक्कल, मूळ फोटो निगेटिव्हमध्ये. सहा-सहाच्या पट्ट्या कापून घ्या, प्लॅस्टिकच्या पाकिटांत कोरड्या जागी ठेवा आणि वर तारीख लिहा.