अपडेट सोडणारे नाना

भोरमधल्या एखाद्या पतसंस्थेत गेलात आणि काउंटरवर पंखे गरगरत असताना मागच्या बाजूने एसीचा आवाज आला, तर समजा तिथे नाना आहेत. ही खोली बहुधा जिन्याखाली असते. पूर्वी तिथे जुनी रेकॉर्डं, मोडक्या खुर्च्या आणि गणपतीचं मखर असायचं. आता सर्व्हर असतो. मॅनेजरला पंखा आणि सर्व्हरला एसी ही वाटणी मॅनेजरनेही मुकाट्याने मान्य केलेली असते, कारण भर एप्रिलमध्ये नानांनी त्याला "हे तापलं की ठेवी गेल्या" असं एकाच वाक्यात समजावलेलं असतं. त्या एसीखाली स्वेटर घालून, गळ्यात पेनड्राईव्ह अडकवून बसलेले पन्नाशीचे गृहस्थ म्हणजे नाना. संस्था बदलली की आडनाव बदलतं, स्वेटरचा रंग बदलतो. नाना तेच.

नाना मूळचे बी.कॉम. 2001 मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली तेव्हा हौसेने कोर्स केला, सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं आणि क्लार्क म्हणून चिकटले. पुढे एके दिवशी बंद पडलेला प्रिंटर त्यांनी केबल नीट खोचून चालू केला. त्या एका केबलीने त्यांचा जन्म मार्गी लागला. तेव्हापासून पंखा बंद पडला तरी लोक नानांना बोलावतात.

पण नानांची खरी सत्ता प्रिंटरवर नाही, अपडेटवर आहे. घरच्या कॉम्प्युटरला मायक्रोसॉफ्टकडून अपडेट येतं ते थेट. ऑफिसात तसं चालत नाही. तीस-चाळीस मशीन एकाच वेळी तेच शेकडो एमबीचं अपडेट ओढू लागली, तर इंटरनेटचा जीव जातो आणि पासबुक भरायला आलेला माणूस रांगेत म्हातारा होतो. म्हणून मायक्रोसॉफ्टने 2005 मध्ये डब्ल्यूएसयूएस नावाची सोय काढली. अपडेट एकदाच सर्व्हरवर उतरवायचं, तिथे थांबवायचं आणि कुठल्या मशीनला कधी द्यायचं हे तिथल्या माणसाने ठरवायचं. तो माणूस नाना. त्यांनी 'अप्रूव्ह' दाबल्याशिवाय नसरापूर शाखेतलं मशीन रिस्टार्टसुद्धा मागत नाही.

हे काम समजावून सांगताना नाना भाटघर धरणावर येतात. भोरचा माणूस कुठलाही विषय समजावताना भाटघरवर येतोच. "साडेतेवीस टीएमसीचं धरण आहे ना आपलं? वर पाऊस झाला म्हणून सगळं पाणी एकदम खाली सोडतात का? आधी नदीकाठच्या गावांना निरोप, मग बेताबेतानं विसर्ग. तसं अपडेट वरून कितीही येऊ द्या. दरवाज्यावर मी आहे."

एकदा रोखपालाने हळूच सांगितलं, "पण नाना, भाटघरचे दरवाजे आपोआप उघडतात."

"म्हणूनच मी पाटबंधारे खात्यात गेलो नाही," नाना म्हणाले.

मायक्रोसॉफ्टची अपडेटं ऑक्टोबर 2003 पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. तिकडे अमेरिकेत सकाळ असते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, थंडीच्या दिवसांत साडेअकरा. नानांच्या घरच्या कालनिर्णयवर दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी लाल गोल असतो. लग्नानंतर काही महिने वहिनींना वाटायचं, माणूस भाविक दिसतोय, दर महिन्याला अंगारकी शोधून काढतो. त्यांनी एकदोनदा साबुदाण्याची खिचडीही केली. नानांनी ती निमूट खाल्ली आणि रात्री ऑफिसच्या किल्ल्या घेऊन बाहेर पडले. खरा खुलासा झाला तेव्हा वहिनी जास्त काळजीत पडल्या म्हणतात.

बुधवारी सकाळी ऑफिसात एकच प्रश्न असतो.

"नाना, आलं का?"

"आलंय. सोडलेलं नाही."

या दोन वाक्यांमधला जो काळ, तो नानांचा सुवर्णकाळ. तो आठवडाभर चालू शकतो, महिनाभरही. या काळात मॅनेजर त्यांना बसायला खुर्ची देतो.

नाना अपडेट सोडतात तो प्रसंग जवळून पाहण्यासारखा असतो. आधी चष्मा पुसतात. मग कपाटातून रोजकीर्दीची एक जुनी लांबडी वही काढतात. वहीत चार रकाने आखलेले: तारीख, केबी नंबर (म्हणजे अपडेटचा क्रमांक), कुणावर सोडलं, काय बोंब झाली. चौथा रकाना सगळ्यात रुंद. स्क्रीनवर अपडेटची यादी उघडते. नव्याने जुन्याला पोटात घेतलं असेल, तर नाना "ह्याने त्याला खाल्लं" म्हणत जुन्यावर 'डिक्लाईन' मारतात. उरलेल्यांतलं एक निवडून राईट क्लिक. मग बोट माउसवर ठेवून थांबतात, खिडकीतून भोरच्या राजवाड्याच्या दिशेला बघतात, आणि शिपायाला चहा सांगतात. चहा येईपर्यंत कुणी घाईने आत डोकावला, तर अपडेट पुढच्या आठवड्यावर जातं.

वही उघडीच असेल तर वाचून घ्यावी. सबंध संस्थेत एवढं प्रामाणिक दप्तर दुसरं नाही. ऑक्टोबर 2018, विंडोज दहाची 1809 आवृत्ती: "लोकांच्या डॉक्युमेंट फोल्डरमधल्या फायली गेल्या. कंपनीने मागे घेतलं. आपण सोडलंच नव्हतं." शेवटचं वाक्य दोनदा अधोरेखित. मार्च 2021, केबी 5000802: "प्रिंट दिली की निळा पडदा. काही कंपन्यांच्याच प्रिंटरवर. वर्षअखेरीच्या तोंडावर!" सप्टेंबर 2021: "नेटवर्क प्रिंटर बंद, एरर 11बी. छपाईतलं भोक बुजवताना छपाईच बुजवली." या नोंदी काही नानांच्या कल्पनेतल्या नाहीत. त्या त्या महिन्यात जगभरच्या नानांनी हीच बोंब मारली होती, कुणी सिएटलमध्ये, कुणी सोलापुरात.

आता गट. सर्व्हरवर मशीनचे गट पाडता येतात आणि प्रत्येक गटाला वेगळं अपडेट वेगळ्या दिवशी देता येतं. पुस्तकात लिहिलंय की आधी थोड्या मशीनचा चाचणी गट करावा, तिथे चार दिवस बघावं, मग बाकीच्यांना द्यावं. चाचणी गटात प्रत्येक विभागाचं एकेक मशीन असावं, असंही लिहिलंय. नानांच्या चाचणी गटात मात्र ज्याने गेल्या महिन्यात मॅनेजरकडे तक्रार केली त्याचं मशीन असतं.

"नाना, दर वेळी माझंच मशीन का हो?" कर्ज विभागातल्या मॅडम विचारतात.

"तुमचं काम सगळ्यात किचकट, मॅडम. तुमच्याकडे टिकलं तर कुठेही टिकेल."

मॅडम क्षणभर खूश होतात आणि जागेवर जाऊन बघतात तर मशीनवर गोल फिरत असतो. संक्रांतीला मॅडमनी घरच्या तिळाच्या वड्या आणल्या. फेब्रुवारीत त्यांचं मशीन 'बघू' या गटात गेलं आणि त्यांच्या जागी ठेव विभाग आला. नाना लाच घेत नाहीत. गटांची फेररचना ही तांत्रिक बाब आहे आणि ती संक्रांतीच्या सुमारास करणं सोयीचं पडतं, इतकंच.

'चाचणी', 'काउंटर', 'शाखा', 'बघू' असे चार गट झाल्यावर पाचवा गट आहे 'साहेब'. त्यात एकच मशीन: चेअरमनसाहेबांचा लॅपटॉप. एकदा वार्षिक सभेत साहेब पडद्यावर नफ्याचा आलेख दाखवत असताना नेमका लॅपटॉप रिस्टार्ट झाला आणि सभासदांनी नफ्याऐवजी "कृपया बंद करू नका, 12 टक्के" हे वाचलं. मागून कुणीतरी "लाभांश जाहीर झाला" असं ओरडलं. त्या दिवसापासून 'साहेब' गटाला काहीही सोडलं जात नाही. म्हणजे संस्थेत सगळ्यात जास्त अधिकार ज्या मशीनला, तेच सगळ्यात उघडं. नानांचं थांबणं मला पटतं, वहीही पटते, पण हा पाचवा गट नाही पटत. चोराला दार निवडायला सांगितलं तर तो काउंटरच्या दाराने कशाला येईल?

थांबण्याचीही एक किंमत असते, आणि ती नानांना माहीत आहे. वहीत एकच नोंद लाल शाईत आहे. 14 मार्च 2017 च्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टने एक महत्त्वाचं अपडेट काढलं. नानांचा नियम: मार्च एंडला काही सोडायचं नाही. एप्रिलमध्ये ऑडिट. मग ते 'बघू, बघू' म्हणत राहून गेलं. 12 मे, शुक्रवारी वॉनाक्राय नावाचा घातक प्रोग्राम सुटला. ज्यांनी ते दोन महिन्यांपूर्वीचं अपडेट लावलं नव्हतं त्यांच्या फायलींना तो कुलूप घालून खंडणी मागत होता. इंग्लंडात सरकारी दवाखान्यांना ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, संस्थेला सुट्टी. नाना पेनड्राईव्ह गळ्यात घालून मोटारसायकलवर निघाले आणि भोर, नसरापूर, वेल्हे अशी एकेक शाखा उघडून हाताने अपडेट लावत सुटले. एका शाखेची किल्ली ज्याच्याकडे, तो मुहूर्ताचं लग्न गाठायला गेलेला. नाना त्या मांडवात गेले, किल्ली घेतली, जेवूनही आले. लाल नोंदीच्या चौथ्या रकान्यात "बोंब झाली नाही" एवढंच लिहिलंय. पण मार्चच्या नियमाला तेव्हापासून एक अपवाद जोडला गेला.

नानांच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस 19 जुलै 2024. क्राउडस्ट्राईक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटने जगातले सुमारे 85 लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले आणि आपल्याकडे विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. पेपरातला तो हस्तलिखित पासाचा फोटो नानांनी कापून सर्व्हरच्या वर चिकटवला. "बघा. न तपासता सोडलं की काय होतं." संस्थेकडे ते सॉफ्टवेअर नव्हतंच, कारण संचालक मंडळाला त्याची किंमत ऐकूनच घाम फुटला असता. पण त्या दिवशी आपली सगळी मशीन चालू होती, हे श्रेय नानांनी सोडलं नाही. ते सोडण्यासाठी कुणी अप्रूव्हलही मागितलं नाही.

वेल्ह्याची गोष्ट वेगळीच. चेलाडी फाट्यावरून नसरापूर, मार्गासनी करत तुम्ही तोरण्याच्या पायथ्याशी पोचता, तोवर मोबाईलच्या रेंजने साथ सोडलेली असते. पावसाळ्यात तर आभाळ तोरण्यावरून उतरून थेट शाखेच्या पायरीवर बसतं. लाईट कधी जाईल याचा नेम नाही. गुरुवारी मात्र जाणार याचा नेम आहे. नानांनी बुधवारी सोडलेलं अपडेट सर्व्हरवरून हळूहळू सरकत गुरुवारी सकाळी वेल्ह्याच्या मशीनवर चाळीस टक्क्यांवर येतं आणि लाईट जाते. लाईट आल्यावर मशीन म्हणतं, "बदल मागे घेत आहोत." एवढी नम्र भाषा शाखेतला कुणीच वापरत नाही. शेवटी नानांनी मार्ग काढला: अपडेट हार्डडिस्कवर भरायचं आणि एसटीने पाठवायचं. कंडक्टर "पार्सल काय आहे?" विचारतो, त्यावर शिपाई "सुरक्षा" म्हणतो. हार्डडिस्क परत येते ती इंद्रायणी तांदळाच्या पिशवीत, तांदळासकट. वेल्हे शाखा कधीच 'चाचणी' गटात नसते.

मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय घेतला, तेव्हा शाखाधिकाऱ्यांनी उत्साहाने फोन केला. "नाना, सर्व्हरवर आपल्या गटाचं नाव बदला."

"निर्णय झाला म्हणजे वरून आलं," नाना म्हणाले. "इथून मी अजून सोडलेलं नाही."

नानांच्या घरी काय चालतं? तिथे विंडोज सात आहे, ज्याचा आधार जानेवारी 2020 मध्येच संपला. मोबाईलवर अपडेटची सूचना गेल्या दिवाळीपासून लोंबकळते आहे. मुलगी टोकते तेव्हा ते म्हणतात, "दिवसभर तेच करतो, घरी आल्यावर तरी निवांत राहू दे." डॉक्टरला सर्दी होते, तेव्हा आपण काय म्हणतो?

आता दिवस फिरले आहेत. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर करून टाकलं की डब्ल्यूएसयूएस चालू राहील, पण त्यात यापुढे नवं काही घालणार नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज दहाचा नेहमीचा आधारही संपला, आणि संस्थेतल्या अर्ध्या मशीनांत विंडोज अकराला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोयच नाही. म्हणून पुण्याहून सल्ला द्यायला एक तरुण इंजिनिअर आला. तो नानांना काका म्हणाला, तिथेच निम्मं काम बिघडलं. "काका, आता सगळं क्लाउडवरून होतं. सर्व्हर नको, गटबिट पाहिजे तर तिकडेच. आपोआप होतं."

नानांनी त्याला चहा दिला, वही दाखवली आणि चौथा रकाना मोठ्याने वाचायला लावला. मुलगा मार्च 2021 पर्यंत आला तेव्हा त्याचा चहा गार झाला होता. जाताना त्याने त्या पानाचा फोटो काढून घेतला. संस्थेने क्लाउडचं ठरवलंय, पण त्याची मंजुरी संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीवर आहे, आणि बैठकीच्या अजेंड्याची फाईल टाईप व्हायची ती नेमकी कर्ज विभागातल्या मॅडमच्या मशीनवर. ते मशीन पुन्हा चाचणी गटात गेलंय, असं कळतं.

तुमच्या ऑफिसातही एक नाना असतीलच. त्यांच्यासाठी एवढं करा: संध्याकाळी निघताना स्क्रीनवर "अपडेट अँड शट डाऊन" दिसलं, तर तेच दाबा, आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून भिंतीवरचा मेन स्विच पाडू नका. पुढची गाडी मिळेल. नाही मिळाली, तर नाना मोटारसायकलवरून सोडतात.