कडेकडेने जा!

लहानपणी आई बजावायची, ‘रस्त्याने जाताना कडेकडेने जा.’ हा सल्ला इमानेइतबारे पाळणारी एक जमात फुटबॉलमध्ये होती. तिला विंगर म्हणत. मैदानाच्या रेघेची फक्की बुटाला लागेपर्यंत कडेने पळायचं, समोरच्या बॅकला हुलकावणी द्यायची, कोपऱ्यापाशी पोचायचं आणि चेंडू गोलसमोर उचलून द्यायचा. तिथे धिप्पाड सेंटर फॉरवर्ड उभाच. त्याने डोकं लावायचं आणि टाळ्या घ्यायच्या.

थोडक्यात, विंगर म्हणजे पंगतीतला वाढपी. स्वतः जेवायचं नाही, पण कुणाचं पान रिकामं राहता कामा नये.

हल्ली जो तो सांगतो की हा वाढपी नामशेष झाला. जुन्या जाणत्यांनी सुतक धरलंय. ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारं त्यांचं वाक्य मध्यांतरापर्यंत संपत नाही. उलट टॅब्लेटवर बोट फिरवणारी नवी पिढी म्हणते, गेला ते बरं झालं, दहा क्रॉस टाकले तरी आपल्या माणसाला सापडणार दोन-तीन. दोघांनी मिळून ज्याचा दहावा घातलाय, तो गृहस्थ मात्र पलीकडच्या मांडवात जेवतोय.

आधी सुतकवाल्यांचा युक्तिवाद. २ मे १९५३, वेम्बली, एफए कपची फायनल. ब्लॅकपूल बोल्टनविरुद्ध १-३ असं मागे. मग उजव्या कडेवरून ३८ वर्षांच्या स्टॅन्ली मॅथ्यूजने जे वाढायला घेतलं, त्याने सामना ४-३ असा फिरला. शेवटचा गोल भरपाईच्या वेळेत, मॅथ्यूजनेच मागे ढकललेल्या चेंडूवर. गंमत म्हणजे त्या दिवशी हॅटट्रिक केली स्टॅन मॉर्टेन्सनने. इतिहासात त्या सामन्याला नाव पडलं ‘मॅथ्यूज फायनल’. जेवणारा विसरला गेला, वाढपी अमर झाला. असं पुन्हा होणे नाही, असं सुतकवाले म्हणतात. ते खरं आहे, पण ते म्हणतात त्या कारणाने नाही.

कारण विंगरचा पहिला काटा काढला तो टॅब्लेट जन्माला येण्याच्या कितीतरी आधी. १९६६च्या वर्ल्डकपमध्ये इंग्लंडच्या आल्फ रॅम्सींनी साखळीतल्या तीन सामन्यांत तीन वेगवेगळे विंगर वापरून पाहिले. कॉनेली, पेन, कॅलहन. प्रत्येकाला एकेक सामना, जणू मुलगी बघायचा कार्यक्रम. तिघांनाही नकार कळवला आणि बाद फेरीत विंगरशिवायच संघ उतरवला. कप जिंकला, ‘विंगलेस वंडर्स’ अशी पदवी मिळाली. पदकं फायनल खेळलेल्या अकरा जणांनाच मिळाली. उरलेल्यांना, म्हणजे या तीन विंगरांनाही, ती मिळाली २००९ साली. ४३ वर्षांनी! कडेला उभ्या असलेल्या माणसापर्यंत चेंडू उशिरा पोचतो हे माहीत होतं, पण इतका?

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, वाढप्याचा पायच बदलून टाकू. डावखुऱ्याला उजवीकडे उभं करा, उजव्याला डावीकडे. बाहेरून क्रॉस मारायला पाय अवघडतो, तेव्हा पठ्ठ्या आपसूक आत वळेल आणि जोरकस पायाने थेट गोलवर मारेल. बायर्नच्या आर्येन रॉबेनने यावर कारकीर्द काढली. उजव्या कडेवरून येणार, डावीकडे कट मारणार, डाव्या पायाने हाणणार. आपला रिक्षावाला इंडिकेटर न देता वळतो म्हणून आपण दचकतो. रॉबेन इंडिकेटर देऊन वळायचा, सगळ्या युरोपला पाठ होतं, तरी बॅक दर वेळी चुकीच्या बाजूलाच सापडायचा.

आत वळलेल्या विंगरने कडेची जागा रिकामी केली. रिकामी खुर्ची पाहून इथे जे होतं तेच झालं. पद गोठवलं आणि अतिरिक्त कार्यभार फुलबॅककडे दिला. लिव्हरपूलचा २०१८-१९चा हिशेब बघा. कडेचे म्हणवणारे सालाह आणि माने यांनी प्रीमियर लीगमध्ये प्रत्येकी २२ गोल केले. आणि बचावासाठी पगार घेणाऱ्या फुलबॅकांनी काय केलं? अलेक्झांडर-अर्नॉल्डने १२ गोलांना अखेरचा पास दिला, रॉबर्टसनने ११. वाढपी पंगतीला बसला आणि दारावरचा राखणदार पळी घेऊन फिरू लागला. जेवण कुठे कमी पडलं?

कमी पडलं ते फेब्रुवारी २०१४ मध्ये, ओल्ड ट्रॅफर्डवर. समोर तळाला बसलेला फुलहॅम. डेव्हिड मॉईसच्या मँचेस्टर युनायटेडने त्या एका सामन्यात ऐंशीहून अधिक क्रॉस टाकले. आग्रह, आग्रह आणि नुसता आग्रह. फुलहॅमचे उंच सेंटर बॅक एकेक घास परतवत राहिले, २-१ अशी आघाडी कशीबशी मिळाली, तीही भरपाईच्या वेळेत गेली आणि सामना २-२. सुतकवाल्यांना ‘क्रॉस टाका, क्रॉस टाका’ची हुक्की आली, की त्यांना हा सामना अखंड दाखवावा. पानावर बसलेला कोण आहे हे न बघता वाढत सुटणं याला परंपरा म्हणत नाहीत, नासाडी म्हणतात.

टॅब्लेटवाल्यांनी एवढ्यावर हसू नये. त्यांचे कुलगुरू पेप ग्वार्डिओला. २०२१ मध्ये त्यांच्या मँचेस्टर सिटीने जॅक ग्रीलिशसाठी १० कोटी पौंड मोजले. अ‍ॅस्टन व्हिलात हा गडी चेंडू घेऊन दोघातिघांच्या अंगावर जायचा, मोजे घोट्यापर्यंत उतरवून. सिटीत आल्यावर तो कडेला थांबायला आणि चेंडू शहाण्यासारखा मागे द्यायला शिकला. दहा कोटींचं मांजर आणलं आणि त्याला दुधाला तोंड लावायचं नाही अशी शिकवण दिली! दुसऱ्याच मोसमात संघाने तीन मोठे करंडक एकत्र उचलले, त्यामुळे बोलायची सोय राहिली नाही. पण चेंडू गमावण्याची भीती हीच ज्यांची विद्या, त्यांना हुलकावणी म्हणजे उधळपट्टीच वाटणार. दहा वेळा प्रयत्न करून सात वेळा फसायचं, हा विंगरचा जुना हक्क होता. क्रॉस परत आणता येतात, तो हक्क कोण परत देणार?

आणि याच पेपच्या शाळेत पुढे काय झालं? फुलबॅकलाही मधल्या फळीत बोलावून घेतलं. आता कडेला कोण? अरे, कुणीतरी जा रे कडेला! गेला कोण, तर विंगर. रेघेला चिकटून उभा, समोरचा बचाव रुंदावत. पद रद्द करायचं, कार्यभार दुसऱ्याला द्यायचा, मग त्यालाही बदलीवर पाठवायचं आणि शेवटी जुन्या माणसाला मानधनावर परत बोलवायचं. सरकारी कचेऱ्यांनी फुटबॉलकडून काही घेतलं, की फुटबॉलने कचेऱ्यांकडून?

आता ९ जुलै २०२४ची म्युनिकमधली रात्र. युरो स्पर्धेची सेमीफायनल, स्पेनविरुद्ध फ्रान्स. आपल्याकडे साडेबारा वाजून गेलेले. स्पेनच्या उजव्या कडेवर पुढे १६ वर्षांचा लामिन यामाल, अर्थात डावखुरा. त्याच्या मागे राइट बॅक म्हणून हेसुस नावास. २०१०च्या वर्ल्डकप फायनलमध्ये बदली म्हणून उतरलेला तेव्हाचा अस्सल विंगर, आता कार्यभारावर. एकविसाव्या मिनिटाला यामालने आत कट मारून चेंडू दूरवरून वरच्या कोपऱ्यात घातला. चारच मिनिटांनी नावासने कडेकडेने जात जुन्या पद्धतीचा क्रॉस टाकला. फ्रान्सच्या बचावाने तो अर्धवट परतवला, चेंडू स्पेनच्या ओल्मोच्या पायात पडला आणि दुसरा गोल झाला. स्पेन २-१ जिंकला.

नावासचं त्या रात्रीचं वय ३८. वेम्बलीवरच्या मॅथ्यूजइतकंच.

दुसऱ्या दिवशी जगभरच्या पेपरांत फोटो कुणाचा होता? यामालचा. काम तेच, कड तीच, वयसुद्धा तेच. ७१ वर्षांत बदललं ते एवढंच: तेव्हा वाढप्याचं नाव झालं होतं, आता जेवणाऱ्याचं होतं.